गोळी पाचवर

ही गोष्ट मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. मी शाळेत फिजिक्स शिकवते. भुताखेतांची टिंगल करण्यात आमच्या घरात माझा पहिला नंबर. पण हे माझ्यासमोर घडलंय. दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

मागचा नोव्हेंबर, मंगळवार. लखनौमधल्या एका खासगी हॉस्पिटलचं आयसीयू.

माझे बाबा लखनौतल्याच मानक नगरच्या ऑफिसातून रिटायर झालेले रेल्वेचे इंजिनिअर. शनिवारी त्यांचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं. मंगळवारी सकाळी घशातली नळी काढून मास्क लावला.

चार वाजता मला आत सोडलं. मॉनिटरवर ऑक्सिजन ९५.

"सिस्टर, सौ क्यों नहीं है?"

"मैम, इतना ही रखना है. हार्ट रुकने के बाद ज़्यादा ऑक्सिजन भी दिमाग को नुकसान करती है."

मला काही पटलं नाही. दुधाने तोंड पोळलेलं होतं माझं.

२०२१ चा एप्रिल. लखनौतल्याच तेलीबागच्या आमच्या घरात बाबा आणि माझा धाकटा भाऊ रणजित, दोघंही कोरोनाने आजारी. सिलिंडर एकच, त्याला दोन नळ्या. तो संपत आला तेव्हा मी रणजितच्या नळीला हात घातला. वाटलं, तरुण आहे, निभावेल.

तो नेहमीसारखा हिंदीत एवढंच म्हणाला, "ताई, कम कर दे. बस, बंद मत करना."

मी बंद केली.

दुसरा सिलिंडर संध्याकाळी आला. रणजित दुपारीच गेला होता. बाबा तेव्हा शुद्धीत नव्हते. नळीचं मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.

सिस्टर पलीकडच्या पेशंटकडे गेली. बाबांच्या उशाशी भिंतीवर ऑक्सिजनचा नॉब होता. वर आकडे असलेली काचेची नळी, तिच्यात ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणारी पांढरी गोळी. गोळी पाचवर.

मी नॉब फिरवला. बारा.

मास्कमधला सूंऽऽ आवाज वाढला. ९७... ९९... १००. माझ्या जिवात जीव आला.

मग आवाज कमी झाला...

वर पाहिलं. गोळी पाचवर.

पुन्हा फिरवला. पुन्हा खाली आली.

शेजारच्या पडद्यामागून खोकला ऐकू आला... कोरडा, दोनदा. रणजित असाच खोकायचा.

पडदा सरकवला. बेड रिकामा होता. चादरीला एक सुरकुतीही नव्हती.

तिसऱ्यांदा मी नॉब घट्ट धरूनच ठेवला.

तो माझ्या मुठीतच फिरला... सावकाश.

माझ्या बोटांवर कुणाची तरी बोटं होती. थंड नव्हती. तापाने फणफणलेली होती.

गोळी पाचवर थांबली नाही, चारवर आली... तीन... दोन...

मला कळलं. मी केलं तेच तो करणार होता.

"रणजित, नको रे!" मी अक्षरशः रडत हात जोडले. "चूक माझी आहे. बाबांना नको."

मास्कमधला आवाज अगदी थांबायला आला...

आणि गोळी हळूहळू वर चढली. पाचवर जाऊन थांबली.

सिस्टर परत आली. नॉबकडे बघून म्हणाली, "पाँच पर है ना? हाँ, ठीक है. आप रो क्यों रही हैं?"

मी डोळे पुसले आणि बाहेर आले.

दहा दिवसांनी बाबा घरी आले. बोलणं स्वच्छ, स्मरणशक्ती शाबूत. वाटलं, संपलं एकदाचं.

परवा दुपारी आम्ही चहा पीत बसलो होतो. बाबा अचानक म्हणाले, "स्वप्ना, आयसीयूत रणजित आला होता गं. तुझ्या मागेच उभा होता."

मी कप बशीत ठेवला.

"सारखं एकच म्हणत होता. 'मैंने तो बंद नहीं किया ना, ताई?' कशाबद्दल म्हणत होता गं?"

"औषधांनी भास होतात, बाबा," मी कशीबशी म्हटलं.

बाबा चहा संपेपर्यंत माझ्या खांद्यामागे बघत राहिले.