न दुखणारा डोळा

"मॅडम, लवकर या. सकाळी नऊला पोराच्या डोळ्यात बॅटरीचं ॲसिड टाकलंय," फुलचंद हवालदारांनी फोनवर सांगितलं. डॉ. दीपा जेवणाचा डबा उघडा टाकून धावली.

उमरखेडच्या दवाखान्याच्या फाटकाशी बंजारा तांड्यावरची पन्नासेक माणसं उभी होती. कोणी बोलत नव्हतं, याचीच तिला जास्त धास्ती वाटली. आत बाकावर गॅरेजवाला जमीर मान खाली घालून बसला होता. डॉक्टरने कागदावर 'ॲसिड' लिहिलं की तो कोठडीत जाणार होता. त्याच्या दुकानाचं काय होणार, हे फाटकाकडे पाहूनच कळत होतं.

खाटेवर बावीस वर्षांचा बादल. डावं बुबुळ निळसर पांढरं, वर साय धरल्यासारखं.

दीपाने ॲसिड ओळखायची पट्टी डोळ्याला लावली. रंग बदलला नाही. पण चार तास उलटल्यावर पट्टीचा काय भरवसा? तिने सलाइनने डोळा धुवायला घेतला.

"किती दुखतं?"

"दुखत नाई. नुसतं धुकं दिसते."

तिचा हात थांबला. "सकाळपासून काय काय झालं?"

"नऊले जमीरभाईकडे बॅटरी दाखवाले गेलतो. दहाले घरी आलो. डोयात सोयाबीनचा भुसा खुपत होता, तं याडीनं गुलाबपाणी टाकलं. निजलो. उठलो तं हे."

"म्या बॅटरीत पाणी भरलं फक्त," जमीर दारातून म्हणाला. "हा लांब उभा होता."

"गप राय!" बादलचा बाप भीमसिंग उसळला. "सोमवारी वणीले याच्या नजरेची तपासणी हाये, मॅडम. कोयशाच्या ट्रकवर लागणार होता. या जमीरचा भाऊबी त्याच नोकरीच्या मागं हाये. माहा थोरला त्याच रस्त्यावर अपघातात गेला. आता हा एकच. दिसन का याले?"

बादलची याडी, म्हणजे आई, बिजलीबाई पोराच्या पायाशी बसून बोटं चोळत होती. बोटांवर काळपट, चिकट डाग होते.

"हे कशाचे?"

"शनवार हाये ना. मारोतीले पानांचा हार केला." मग ती हळूच म्हणाली, "बाई, चार-आठ दिवसांत निवयते ना हे?"

दीपाने पापण्या पाहिल्या, शर्टाची कॉलर उलटून पाहिली. मग हवालदारांना आणि जमीरला आत घेऊन दार लोटलं.

"हे ॲसिड नाही. ॲसिडने पापणी भाजते, शर्टाला भोकं पडतात, माणूस तळमळतो. चुना गेला तरी तळमळतोच. इथे बुबुळ धुरकटलंय आणि दुखत नाही. हा रुईचा चीक आहे. तो डोळा बधिर करतो."

"उडला असन," फुलचंद म्हणाले.

"बादल रुईपाशी गेलाच नाही. आज रुईची पानं तोडली ती मारुतीच्या हारासाठी. चीक वाळला की बोटं काळी पडतात. गुलाबपाणी टाकलं तेही त्याच बोटांनी. चुकून झालं म्हणाले असते. पण बापाने विचारलं, दिसेल का? तुम्ही विचारलंत, किती दिवसांत निवळेल. निवळतं हे तुम्हाला कसं ठाऊक, बिजलीबाई?"

बिजलीबाईने बोटं पदरात धरली.

"माह्या भावाच्या डोयात उडला होता. आठ दिवसांत साफ झाला. म्हटलं, सोमवार टयन." ती रडली नाही. "एक त्या रस्त्यानं नेला, बाई. ह्याचा एक डोया गेला तरी घरी तं राहीन."

"आणि जमीर?"

"त्याचं नाव म्या नाई घेतलं."

"दुसऱ्यांना घेऊ दिलंत."

दीपाला तिचा संताप आला आणि कीवही आली. "दर वेळी साफ होत नाही," ती म्हणाली. "कधी बुबुळाचा आतला थर मरतो. याचं काय होईल, ते पंधरा दिवसांनी कळेल."

भीमसिंग भिंतीला टेकून खाली बसला. फुलचंद फाटकावरच्या माणसांना सांगायला निघाले.

दीपाने औषधाची बाटली काढली. "दर दोन तासांनी एक थेंब. घरी कोण टाकेल?"

सवयीने बिजलीबाईचा हात पुढे आला.

बादलने चांगल्या डोळ्याने तो हात पाहिला, त्यावरचे डाग पाहिले.

"जमीरभाई," तो म्हणाला, "तुह्या दुकानात निजाले जागा हाये का?"

जमीरने पँटला हात पुसले आणि बाटली घेतली.