बाहेरची काच

काचा पुसायचा दिवस होता, एवढंच. नव्या मोलकरणीने बादली भरली, फडका पिळला आणि खिडकीपाशी आली. घर चांगलंच वरच्या मजल्यावर. खाली आवारातली फरशी.

परमुलखातून आली त्याच दिवशी बाईसाहेबांनी तिचा पासपोर्ट काढून घेतला होता. नावही गेलं. त्या घरात कामाला येणारी प्रत्येक जण छोटीच. दर वेळी नवं नाव कोण घोकत बसणार! आधीची छोटी कुठे गेली विचारलं, तर म्हणायच्या, पळून गेली. वॉचमनने मात्र हळूच सांगितलं होतं, की बाहेरची काच पुसताना ती पडली आणि पोलिसांसमोर बाईसाहेबांनी कानावर हात ठेवले.

आज सकाळी गावाहून फोन आला. आई अंथरुणाला खिळलेली, हिचाच ध्यास घेतलेला. हिने पासपोर्ट मागितला, अगदी पाया पडली. बाईसाहेब ढिम्म. आधी बाहेरची काच पूस, मग बघू, म्हणाल्या.

त्या 'बघू'ला काही अर्थ नाही, हे हिला पक्कं ठाऊक होतं. तरी वेडी आशा. ती चौकटीवर चढली, एक पाय बाहेर टाकला. वारा अंगाला झोंबत होता. आतून रोजची हाक आली.

"छोटी, झालं का?"

हिने तोंड उघडायच्या आत मागच्या कुलूपबंद खोलीतून उत्तर आलं.

"आले, बाईसाहेब..."

हिने झटकन पाय आत ओढला. घरभर साबणाच्या शिळ्या पाण्याचा वास पसरला होता. बाईसाहेब पांढऱ्याफटक पडल्या. आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"तुला नाही बोलावलं..." त्या पुटपुटल्या.

"मलाच तर बोलावता रोज." आवाज आता त्यांच्या खांद्यामागे होता. "आधी हिचा पासपोर्ट द्या... मग काचेचं बघू."

बाईसाहेबांनी कपाट उघडलं, पासपोर्ट दिला. हिच्या हातातला फडका घेतला आणि निमूटपणे खिडकीबाहेर उतरल्या. हिला दया यायला हवी होती. आली नाही. आईच्या ओढीने ती जिना उतरत सुटली.

रस्त्यावरून तिने एकदाच वर पाहिलं. खिडकी बंद होती. बाहेरच्या अरुंद कठड्यावर बाईसाहेब जीव मुठीत धरून काच पुसत होत्या. इतक्या खालूनही स्पष्ट दिसत होतं... जिथे त्या पुसत, तिथेच आतून ओल्या हातांचे नवे ठसे उमटत होते. आणि ते एकाच बाईचे नव्हते.