नव्या कोचची एकुलती एक फॅन

"आई, पाचच मिनिटं गं…"

हे शब्द आपल्याच तोंडून बाहेर पडलेत, हे देविकाच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. समोर एक उंच माणूस वाकून उभा होता. गळ्यात शिट्टी, खांद्यावर चेंडूंची जाळी आणि चेहऱ्यावर हसू आवरण्याची केविलवाणी खटपट.

"पाच मिनिटं देतो," तो चक्क मराठीत म्हणाला, "पण मग हॉल बंद करायची आहे."

देविका धडपडत सरळ बसली. रात्रपाळी, तिला जोडूनच सकाळचं सक्तीचं ट्रेनिंग आणि मग डोळ्यांदेखत निघून गेलेली बस. कॉव्हेंट्रीत नोव्हेंबरचा पाऊस पडत नाही, तो नुसता अंगाला चिकटतो. स्टॉपला लागूनच कॉलेजचा स्पोर्ट्स हॉल होता. आतून बास्केटबॉल आपटल्याचा आवाज येत होता. नागपूरला सहा वर्षं कॉलेजच्या टीमकडून खेळलेल्या मुलीला त्या आवाजावरून नुसतं पुढे जाणं जमलं नाही. पण आत ऊब होती, बाकावर कुणीच नव्हतं… आणि मग तिला काही आठवत नव्हतं.

"सॉरी हं. तुमची मॅच चालली होती ना?"

"तुमची?" त्यानं भुवया उंचावल्या. "एवढा म्हातारा दिसतो मी? मॅच संपला. आपण हरला. एकतीस पॉइंट्स."

"हरलो," तिनं सवयीनं दुरुस्त केलं. "आपण हरलो."

"अरे वा! तू पण टीममध्ये आहे का?"

तिला हसू फुटलं. त्या आठवड्यातलं पहिलंच.

मिहीर टिपणीस त्याचं नाव. कॉव्हेंट्रीतच जन्मला, कॉव्हेंट्रीतच वाढला. वडील शशिधर टिपणीस मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. मुलगा सकाळी वेगवेगळ्या शाळांत पी.टी. शिकवतो आणि दुपारी चेंडू घेऊन पळतो, हे ते कुणाला सांगताना खाकरत. या कॉलेजच्या मुलींच्या टीमचा तो नवा कोच होता. आधीच्या कोचनं सतरा वर्षं टीम सांभाळली होती. त्याच्या काळातले चषक दारातल्या कपाटात मांडलेले होते. मिहीरला येऊन दोन महिने झाले होते, आणि टीम सलग पाच मॅच हरली होती.

पुढच्या बुधवारी देविका पुन्हा आली. या वेळी जागी राहिली. त्याच्या पुढच्या बुधवारीही आली.

कसली ओढ होती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. ती हॉस्पिटलात रेडिओग्राफर होती. तीन वर्षं झाली होती इथे येऊन. दिवसभर लोकांना 'हात असा ठेवा, श्वास धरा, झालं' एवढंच सांगायचं, घरी जाऊन टोस्ट खायचा आणि झोपायचं. बुधवारी दुपारी मात्र ती सहकाऱ्यांशी पाळ्या बदलून, सुजल्या पायांनी हॉलवर येऊन बसायची. तिला कळायचं, हा माणूस चांगलं शिकवतोय. मुली चुकल्या की तो ओरडत नसे. जवळ बोलवायचा, काहीतरी पुटपुटायचा, आणि मुलगी हसतच परत जायची. तो टीम मुळापासून पुन्हा बांधत होता, आणि त्याला वेळ लागतो.

पण वेळ कोण देतंय? कॉलेजच्या माजी खेळाडूंची एक वेबसाइट होती. देविका जेवणाच्या सुटीत ती उघडायची आणि सँडविच तसंच राहायचं. 'नवा माणूस फार मऊ आहे.' 'ईस्टरपर्यंत बघू, मग दुसरा आणा.' एकदा न राहवून तिनं खोट्या नावानं लिहिलं, 'टीम उभी करायला दोन वर्षं लागतात.' खाली कुणीतरी उत्तर दिलं, 'तुम्ही त्याच्या आई का?'

हे तिनं मिहीरला सांगितलं तेव्हा तो कॉफी सांडेपर्यंत हसला. मॅचनंतर मशीनची कॉफी प्यायची, हे एव्हाना ठरूनच गेलं होतं.

"हसू नकोस. पुढे काय करणार आहेस तू?" ती म्हणाली.

"पुढे? आता? शॉवर."

"मिहीर!"

"तू माझं नाव असं घेतो ना… मला वाटतं माझा होमवर्क राहिला."

"घेतेस. तू नाव घेतेस."

"कुणाचं?" तो भोळा चेहरा करून म्हणाला. तिनं कप उचलला आणि उगाचच त्याच्या तळाशी काय आहे ते बघत राहिली. कानशिलं तापली होती.

जानेवारीत टीम पहिल्यांदा जिंकली. मग आणखी दोनदा. टीमची कॅप्टन होती केली नावाची मुलगी, त्या जिंकण्याचा कणाच. बारीक अंगाची, तोंडाळ, वाऱ्यासारखी पळणारी. मार्चच्या मध्याला सीझनची शेवटची मॅच होती. ती जिंकली तर टीम आहे त्या गटात राहणार होती. हरली, तर खालच्या गटात. आणि खालच्या गटात गेलेल्या टीमचा कोच पुढच्या वर्षी ठेवायचा की नाही, याचा विचार करू, असं क्रीडा विभागाच्या प्रमुख मिसेस हॉवर्ड यांनी मिहीरला गोड शब्दांत कळवलं होतं.

मॅचला नऊ दिवस असताना, सोमवारी दुपारी, देविकाच्या एक्स-रेच्या खोलीत केली आली. उजवं मनगट डाव्या हातात धरून.

"तुम्ही!" केली म्हणाली. "तुम्ही त्या… कोचच्या."

"मी कुणाची नाही," देविका म्हणाली. "हात असा ठेव."

पडद्यावर चित्र उमटलं. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटातल्या छोट्या हाडात, केसासारखी बारीक रेघ. देविकानं दोनदा पाहिलं आणि डॉक्टरांसाठी खूण केली. अर्ध्या तासानं केली पट्टा बांधून बाहेर आली ती थेट तिच्याकडेच.

"सहा आठवडे खेळायचं नाही म्हणाले. तुम्ही कोचला सांगणार नाही ना?"

"मला सांगताच येत नाही. पण तू सांग. आजच सांग."

"मी नसले तर आपण हरू. हरलो तर कोचना काढतील." केलीचे डोळे भरून आले. "आधीचे कोच मला मूर्ख म्हणायचे. हे नाही म्हणत. एकच मॅच आहे हो…"

"केली, हे हाड नीट जुळलं नाही तर जन्मभर दुखत राहील."

"माझा हात आहे," केली म्हणाली आणि निघून गेली.

ते नऊ दिवस देविकाला फार जड गेले. मिहीर प्रॅक्टिसनंतर कॉफीला भेटायचा, केलीला सर्दी झालीय म्हणून प्रॅक्टिसला येत नाही असं सांगायचा, आणि ती मान डोलवायची. पेशंटची गोष्ट पेशंटची, हे पहिल्या दिवशी शिकलेली बाई ती. पण त्याच्याशी डोळे मिळवणं जमत नव्हतं.

"तू माझ्यावर रागावला आहेस?" त्यानं एकदा विचारलं.

"नाही रे. थकलेय फक्त."

तेही खोटं नव्हतं.

मॅचच्या दिवशी हॉल भरलेला होता. मिसेस हॉवर्ड पुढच्याच बाकावर होत्या. केली आली, पट्ट्याशिवाय, लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून. सराव सुरू झाला. मिहीरनं तिच्याकडे चेंडू टाकला. तिनं डाव्या हातानं झेलला. तो थांबला. दुसरा चेंडू टाकला, अगदी हलका, तिच्या उजव्या अंगाला. केली सगळं अंग वळवून पुन्हा डाव्यानंच झेलायला गेली.

मिहीरची नजर बाकावर बसलेल्या देविकाकडे गेली. मग तो केलीजवळ गेला आणि हस्तांदोलनासाठी उजवा हात पुढे केला. केलीनं तो धरला नाही. ती रडायलाच लागली.

त्यानं तिला बाकावर बसवलं. ती काहीतरी ओरडत होती, हात झटकत होती. मग तिनं वळून देविकाकडे संशयानं पाहिलं. देविकानं नकारार्थी मान हलवली. मी नाही सांगितलं गं.

केलीशिवाय मुली जिवाच्या आकांतानं खेळल्या. शेवटच्या मिनिटापर्यंत एका पॉइंटनं पुढे होत्या. मग एक चेंडू हातून निसटला, मग दुसरा… आणि चार पॉइंट्सनी हरल्या.

लोक भराभर उठून गेले. दाराशी मिसेस हॉवर्ड मिहीरशी बोलत होत्या. जेमतेम तीन मिनिटं. देविकाला फक्त त्याची मान दिसत होती, सारखी होकारार्थी हलणारी. मग तो आला आणि तिच्या शेजारी, मधे एका माणसाची जागा सोडून, धप्पकन बसला.

"काय म्हणाल्या?"

"थँक यू म्हणाल्या. खूप वेळा. तेव्हाच कळलं मला." त्यानं तळव्यांनी चेहरा चोळला. "जूनपर्यंत आहे मी."

तोच पुढे म्हणाला, "केलीच्या हाताचा तुला माहीत होता?"

"हो."

"कधीपासून?"

"नऊ दिवस."

"नऊ दिवसांत आपण तीनदा कॉफी प्यालो, देविका."

"पेशंटचं कुणाला सांगायचं नसतं. अगदी… अगदी कुणालाही नाही. पण खरं सांगू? आज इथे येताना मी मनात म्हणत होते, खेळू दे तिला. एकच मॅच. मिहीरची नोकरी राहू दे. दिवसभर मोडलेली हाडं बघणारी बाई मी, आणि असं म्हणत होते. लाज वाटतेय माझी मला."

"मी पण," तो हळूच म्हणाला. "पहिला बॉल तिनं लेफ्ट हँडनं घेतला, तेव्हाच मला कळलं होतं. मला वाटलं, आपण बघितलंच नाही असं करू. ऑनेस्टली. मग तू दिसला. तुझे दोन्ही हात असे घट्ट धरून बसला होता…"

"म्हणजे मीच सांगितल्यासारखं झालं?"

"नाही, नाही. मला कळलं होतं. पण तू बघत होता. मग मला पळून जाता नाही आलं."

ड्रेसिंग रूममधून मुलींचे दबलेले आवाज येत होते. मग देविकानं पर्स उघडली, पेन काढलं आणि तिचं नेहमीचं सुरू झालं. "हे बघ, जूनला अजून तीन महिने आहेत. आजच यादी करू. लेस्टरला विचारू, बर्मिंगहॅमला…"

त्यानं अलगद तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"चार महिने तू माझा फ्युचर बघते आहे. तुझा कोण बघतो?"

साधा प्रश्न. पण तीन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. घरचे फोनवर 'जेवलीस का' विचारायचे, हॉस्पिटलातले 'शनिवारी येशील का' विचारायचे. तिनं तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी डोळ्यांतून पाणीच आलं. घळाघळा, मूर्खासारखं. मिहीर मधली जागा ओलांडून सरकला. खिशातून चुरगळलेला पेपर नॅपकिन काढून तिच्या हातात दिला आणि तिचं रडून होईपर्यंत बसून राहिला.

"ब्रिस्टलला एक जॉब आहे," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "स्कूलमध्ये. मुलींचा टीम सुरू करायचं आहे. आत्ता नऊ मुली आहेत आणि एकच बास्केट. त्यांनी मला दोनदा ई-मेल केला. मी अप्लाय नाही केलं."

"का?" तिनं नाक पुसलं. "वेडा आहेस का तू? तुझ्यासाठीच तर आहे ती नोकरी!"

"लांब आहे."

"कुठून लांब? दोन-अडीच तास तर लागतात इथून. तुझ्या आईबाबांना काय, शनिवार-रविवारी…"

"आईबाबांपासून नाही." तो पेनाशी चाळा करत होता. टोपण काढायचं, लावायचं… "तुझ्यापासून."

देविकानं मनात हिशेब केला. हॉस्पिटल, भाड्याची खोली, तीन वर्षांत जेमतेम ओळखीचे झालेले रस्ते… पुन्हा सगळं बांधायचं, पुन्हा नव्या गावात अर्ज, मुलाखती, खोके. नुसत्या विचारानंच अंग मोडून आलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. घामानं कपाळाला चिकटलेले केस, हरलेला चेहरा, आणि हातातलं पेन आता अगदी स्थिर.

"ब्रिस्टलच्या लोकांची हाडं मोडत नाहीत का रे?" ती म्हणाली.

त्याला कळायला दोन क्षण लागले. मग हसू हळूहळू त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचलं.

"मोडतात," तो म्हणाला. "खूप टेकड्या आहे तिकडे. रोज पडतात लोक."

"मग झालं तर."

तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. टी-शर्ट ओला होता, तरी तिनं डोकं उचललं नाही. मिहीर श्वास रोखून बसला होता. मग त्यानं हळूच आपला हात तिच्या हातावर ठेवला. ड्रेसिंग रूमचं दार उघडलं, कुणीतरी बाहेर डोकावलं, आणि दार पुन्हा आवाज न करता लागलं.

साडेपाच वाजत आले होते, आणि वरच्या खिडक्यांत अजून उजेड होता.