बाळकुम बोअरचं चौथं करेक्शन

बाळकुमच्या जुन्या शेतजमिनींवर आता टॉवर उभे आहेत. त्यांच्या मधल्या एका मोकळ्या प्लॉटवर बोगद्याच्या सर्वेक्षणासाठी खोल बोअर मारलेला होता. त्याचा गॅमा लॉग संचिताच्या टेबलावर आला, तेव्हा तिला त्यात वावगं काही दिसलं नाही.

खडकातून सतत थोडे गॅमा किरण निघत असतात. काळ्या पाषाणातून कमी, लाल मातीच्या थरातून जास्त. ते मोजणारं लांब पोलादी टूल केबलने बोअरमध्ये सोडायचं आणि उमटलेल्या रेघेवरून खाली काय आहे ते सांगायचं, हे त्यांच्या कंपनीचं काम. कच्च्या रेघेवर विश्वास ठेवायचा नाही, हे संचिताचं. बोअर कुठे जास्त रुंद झालेला असतो, त्यातला चिखल किरण गिळतो, वरचा लोखंडी पाइपही गिळतो. कुणी किती गिळलं ते काढून रेघेला परत द्यायचं.

पूर्वी कंपनी या हिशोबासाठी परदेशी तक्ते वापरायची. संचिताने डोंबिवलीच्या शेडमध्ये दोन उन्हाळे पाइपांत चिखल भरभरून इथल्या खडकासाठी स्वतःचे तक्ते केले. "माझी लेक जमिनीच्या पोटातलं वाचते," असं तिची आई, मालन, बिल्डिंगभर सांगायची. संचिता रागावल्यासारखं करायची, पण तिला ते आवडायचं.

या लॉगला तिने तिन्ही करेक्शन दिली. रेघ खडकाच्या नमुन्यांशी वरपासून खालपर्यंत जुळली, एक जागा सोडून. तिथून चक्क लाल माती वर आली होती, आणि रेघ मात्र खाली बसलेली.

तिने टूल चालवणाऱ्या राजरत्नला फोन लावला.

"दादा, तिथे टूल अडकलेलं का?"

"नाही मॅडम. दोनदा सोडलेलं. दोन्ही वेळा सेम."

"बोअर फुगलाय?"

"उलट तिथेच एकदम गुळगुळीत आहे."

तिने उलटं गणित मांडलं. एवढे किरण अडायला टूल आणि भिंतीच्या मध्ये वीतभर पाणी हवं होतं. बोअर तर मुठीहून जरासाच मोठा.

"पाणी म्हणजे पाणीच?" तिचे साहेब सलिल यांनी विचारलं.

"पाणी, भिजलेलं लाकूड, मांस. किरणांना सगळं जवळपास सारखंच, सर."

सलिलनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुला खात्री आहे ना? मग दे करेक्शन."

तिने वीतभर पाण्याचं चौथं करेक्शन दिलं. पुढे शेजारीच दुसरा बोअर झाला आणि लाल थर संचिताने सांगितला होता तेवढ्याच जाडीचा निघाला. सल्लागारांच्या बैठकीत सलिलनी तिला मुद्दाम उभं केलं. मालनने पेढे वाटले.

नंतर टूल नेहमीच्या तपासणीसाठी डोंबिवलीच्या शेडमध्ये आलं. भर दुपार होती; बाहेर केमिकलचा उग्र वास. ठरावीक किरण सोडणाऱ्या तपासणीच्या ठोकळ्यासमोर टूल ठेवलं, तर आकडा कमी आला.

"धुतलंय, सुकवलंय," राजरत्न म्हणाला. "सेन्सरपण बदलून बघितला."

संचिताने सहज चौथं करेक्शन लावलं. आकडा नेमका जागेवर बसला.

क्षणभर तिचा ऊर अभिमानाने भरून आला. उघड्या हवेतसुद्धा आपलं गणित खरं.

मग तिने टूलकडे पाहिलं. टूल आणि ठोकळ्याच्या मध्ये काही नव्हतं.

तिने त्या मोकळ्या जागेत हात घातला, आणि अर्ध्यावरून मागे घेतला. का, ते तिला सांगता आलं नसतं.

"रॅकवर ठेवू या, मॅडम," राजरत्न म्हणाला. "तुम्ही मागून धरा."

टूल उचलायला दोन माणसं लागायची. पाठमोऱ्या राजरत्नने पुढचं टोक उचललं.

ती अजून ठोकळ्यापाशीच होती.

मागचं टोक उचललं गेलं.

राजरत्न चालू लागला. टूल सरळ, आडवं, त्याच्या मागोमाग.

"जरा खाली घ्या, मॅडम," तो मागे न बघता म्हणाला. "तुमची बाजू फार उंच होतेय."