औशाच्या किल्ल्यात तीन ड्रेस

लातूरच्या ट्यूशन एरियात भरदुपारी झेरॉक्सच्या दुकानापुढं उभं राहायचं म्हणजे जिवाला नुसता ताप. पोरापोरींची ही झुंबड, प्रत्येकाला आपल्याच नोट्सची घाई. त्या गर्दीत जेबा उभी होती. सकाळपासून क्लासमधल्या तीन बॅचना हृदयाचे कप्पे शिकवून तिचा घसा बसला होता, पाय भरून आले होते. हातात निकाहनाम्याची, पासपोर्टची, कसली कसली चळत.

मागून कुणीतरी अगदी जवळ सरकलं.

"लाइन मागं आहे," ती न वळताच म्हणाली.

"मला झेरॉक्स न्हाई काढायची," मागचा आवाज म्हणाला. "मला ओरिजिनलच पाहिजे."

जेबाचा हात थबकला. हा आवाज... हा तर तिच्या उशाशी असणारा आवाज! चेहरा तिला तितका सवयीचा नव्हता. दोन वर्षं तो फोनच्या काचेतच दिसायचा, तोही बहुतेकदा मध्येच अडकलेला, एक डोळा मिटलेला. ती वळली. खांद्यावर बॅग, प्रवासानं चुरगळलेला शर्ट, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून हसणारा तिचा नवरा — हारिस.

"तुम्ही उद्या येणार होता ना?"

"हैदराबादहून लगेच गाडी मिळाली. क्लासात गेलो तर कळलं, मॅडम झेरॉक्सला गेल्या. म्हणलं, बायकोला बघायला उद्या कशाला?"

तिला हसायचं होतं. पण थकवा हसण्याच्या आधी येऊन बसला होता. कागदांची चळत तिनं त्याच्या हातात दिली.

"आलाच हाव तर हे धरा. सगळ्याच्या दोन-दोन प्रती."

आणि कॅनडाहून आलेला नवरा मुकाट्यानं लाइनीत उभा राहिला.

हारिस तिकडं विनिपेगला कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करायचा. बायकोला बोलावून घ्यायचं तर नवऱ्यानं तिच्यासाठी सरकारकडं अर्ज करावा लागतो आणि लग्न खरं आहे हे पटवून द्यावं लागतं. पहिला अर्ज एका एजंटानं भरला होता. त्या भल्या माणसानं दोघांच्या भेटीच्या हकिकतीत आपल्या मनानंच बाग घातली, पाऊस घातला, पाहताक्षणी प्रेम घातलं. वरून विचारणा झाली, एवढं प्रेम, तर दोघांचा एकत्र फोटो कुठं आहे?

फोटो कुठून असणार? निकाहाला बाया एका हॉलमध्ये, पुरुष दुसऱ्या. नवरदेवाचं तोंड सेहऱ्याच्या फुलांत, नवरीचं दुपट्ट्यात. पुढं जुमग्या सुरू झाल्या. लग्नानंतरच्या पाच शुक्रवारी जावयाला मेजवानी द्यायची, असा त्यांच्यातला रिवाज. तिथंही नवरा बाहेरच्या खोलीत पुरुषांच्या पंगतीत, नवरी आत बायांत. दोन जुमग्या झाल्या आणि हारिसची रजा संपली. अर्ज परत आला, त्यात नवल ते काय!

मग दोघांनी ठरवलं, एजंट नको आणि वकीलही नको. आपलं लग्न, आपणच सांगू. तेव्हापासून रोज रात्री क्लास आटोपून जेबा फोन घेऊन आडवी व्हायची. तिकडं त्याची दुपारच्या जेवणाची सुट्टी असायची. इतर जोडपी काय बोलत असतील ते असो, ही दोघं बोलायची पोलिसांच्या दाखल्याबद्दल, सही कुठल्या शाईत करायची त्याबद्दल. बोलता बोलता जेबाचा डोळा लागायचा.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नव्हती. हा दुसरा अर्जही परत आला तर तिसरा भरायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. माहेरी बसून नवऱ्याची वाट बघायची, शेजारणीच्या 'कधी जाऊन राहिलीस?'ला उत्तरं द्यायची... आता अंगात त्राण उरलं नव्हतं.

ह्या खेपेला हारिसला तीन आठवड्यांची रजा. तिच्या आईनं, बेगमबीनं, आल्या आल्या फर्मान काढलं, "तीन जुमग्या बाकी हायत. अधुऱ्या ठेवायच्या न्हाईत." झालं! जावई पुन्हा बाहेरच्या खोलीत बिर्याणी खात बसला आणि लेक आत ताटं वाढत राहिली. उरल्या दिवसांत हिचे क्लास होतेच. कसाबसा एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा दोघं फोटो काढायला औशाच्या किल्ल्यात गेली.

सगळे फोटो एकाच दिवसाचे वाटू नयेत, म्हणून जेबानं शक्कल लढवली होती. ती तीन ड्रेस एकावर एक घालून आली होती. हिरव्याखाली जांभळा, जांभळ्याखाली पिवळा. जानेवारी असला तरी ऊन चांगलंच तापलं होतं. बिचारी घामानं निथळत होती.

"आज लई भरल्यासारखी दिसून राहिलीस," हारिस म्हणाला.

"तीन बायका घेऊन फिरून राहिलाव, बोलू नका."

दगडावर फोन टेकवायचा, बटण दाबून पळत यायचं आणि शेजारी उभं राहायचं. मग जेबा भिंतीआड जाऊन एक ड्रेस उतरवायची, हारिस शर्ट बदलायचा आणि नव्या बुरुजापाशी नवा 'दिवस' उजाडायचा.

पिवळ्या ड्रेसची पाळी आली.

"जरा जवळ ये... आणि हस की."

ती जवळ गेली. हसली. फोन वाजला, फोटो निघाला आणि तशीच ती पायरीवर मटकन बसली.

"बस झालं," ती म्हणाली. "आपण खरेखुरे नवरा-बायको आहोत ना? मग चोरासारखं का करून राहिलोय?"

हारिसनं दगडावरचा फोन खिशात टाकला आणि तो तिच्यापासून दोन पायऱ्या खाली बसला.

"तुम्हाला खरं सांगू? मी थकले. ह्या बारीला न्हाई झालं तर... तर मला मोकळं करा. तुम्हीबी मोकळे व्हा."

वाऱ्यावर बाजाराकडून नव्या तुरीचा वास येत होता. हारिसनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग चाचरत बोलू लागला.

"त्या एजंटानं लिहिलं होतं, पाहताक्षणी प्रेम. मी कुठं काय पाह्यलं होतं? सेहऱ्यातून मला माझेच बूट दिसत होते." तो कसनुसं हसला. "पण खरं कधी झालं ते सांगू का? तू... तू बोलता बोलता झोपायचीस ना, तेव्हा मी फोन ठेवत नव्हतो."

"म्हणजे?"

"चालूच ठेवायचो. तुझा श्वास ऐकू यायचा. मी डबा उघडायचो अन् जेवायचो. तिकडं एकट्यानं जेवलं की घास फिरतो, जेबा. तू झोपलेली असली तरी... कुणीतरी संगं हाय, असं वाटायचं. लई जीव जडला बघ. आता ह्याचा फोटो कुठून आणू?"

जेबानं मान दुसरीकडं वळवली. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसायला नको होते.

"भाजीत मीठ विसरलो, म्हणाला होता तुम्ही एकदा," ती हळूच म्हणाली.

"आं?"

"अन् एकदा म्हणालाव, भायेर लई बर्फ हाय, तू आलीस की पहिलं तुला जाड जाकीट घेऊ."

हारिसचं तोंड उघडंच राहिलं. "तू... जागी होतीस?"

"रोज न्हाई. कधीमधी."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते, तर तुम्ही परत कागदाचंच विचारलं असतं."

आता मात्र तो मोठ्यानं हसला, आणि तीही. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती दोघं एकाच जागी बसून एकत्र हसत होती. आणि फोन? तो आपला खिशात होता.

"ते तीन ड्रेसवाले फोटो काढून टाका," डोळे पुसत जेबा म्हणाली. "खरं हाय तेच लिहू. सेहरा, पडदा, जुमग्या, सगळं. अन् रोज किती येळ फोन चालू राह्यला ते कंपनीकडून काढून आणू. त्यांना काय समजायचं ते समजू दे."

"अन् परत आला तर?" त्यानं विचारलं. "मोकळं करायचं?"

तिनं ओढणी नीट केली, बॅग त्याच्या हातात दिली.

"तिसरा भरू," ती म्हणाली. "शाई आता तुम्ही आणा."

परतीच्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. गाडी लातूरच्या रस्त्याला लागली तशी जेबाची मान कलली आणि हारिसच्या खांद्याला टेकली. ओढणी घसरली होती, कपाळावरचे केस घामानं चिकटले होते. त्यानं अलगद फोन काढला, हात लांब करून दोघांना चौकटीत घेतलं. मग थांबला. तिच्या कानाजवळ वाकून त्यानं विचारलं,

"झोपलीस?"

"हाव," डोळे न उघडता जेबा म्हणाली. "काढा तुम्ही."