जासईच्या हळदीतला आवाज

कल्पेश त्या दुपारी कळंबोलीला गेला होता तो एका वायरीसाठी. गोडाऊनमध्ये ठेवलेले स्पीकर टेम्पोत चढवायचे, नवी वायर घ्यायची, वाटेत गायिकेला घ्यायचं आणि जासईला पोचायचं. रोजचंच काम.

आपला कल्पेश रे, प्रणय. गणपतीत आपल्या सोसायटीचा साउंड लावायचा तोच. हल्ली दिसत नाही ना? तेच सांगतोय.

मघाशी तू म्हणालास, नवरात्रात ट्रॅक लावू, स्टेजवर नुसते ओठ हलवू, कुणाला कळतंय. उत्कर्षा म्हणाली, मग गायचंच कशाला, टीव्ही लावा. भांडलात आणि दोघांनी माझ्याकडे बघितलंत. मला गाण्यातलं काही कळत नाही, बाबांनो. पण कल्पेश एकदा इथंच गच्चीवर, याच टाकीशेजारी बसून जे बोलला ते सांगतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा. आणि तो टॉर्च बंद कर. डोळ्यांवर येतोय.

तर गायिका होती भाविका. उलव्याकडच्या जुन्या गावातली आगरी पोरगी. दिसायला छान, स्टेजवर नाचून-हसून मांडव हलवायची. हळदीच्या कार्यक्रमांना तिला फार मागणी. पण तिचा स्वतःचा आवाज बारीक होता. स्पीकरमधून जो आवाज यायचा तो तिच्या आत्याचा. चंदाआत्याचा.

ही चंदाआत्या धवलारीण. आगरी लग्नात भटजींच्या मंत्रांइतकीच धवल्यांची गाणी लागतात, ती म्हणणारी बाई. साठीची, काळीसावळी, जाड भिंगाचा चष्मा. पण गायला लागली की जेवणाच्या पंगतीत हात थांबायचे म्हणे. पुढे तिला दमा लागला. रात्रभर बसून गाणं होईना. तेव्हा तीच भाविकाला म्हणाली, "बाय, जवर गला हाय तवर भरून घे. माजा आवाज, तुजा चेहरा. कोनाला कलतंय?"

कल्पेशनं सगळं लॅपटॉपमध्ये भरून घेतलं. गाणी, मधल्या हाका, नवरदेवाची थट्टा. श्वासाची घरघर, मधेच खोकला यायचा तो, सगळं बसून बसून काढून टाकलं. मग त्याच्यावर बेंजो-ढोलकी चढवली.

पुढच्या श्रावणात चंदाआत्या गेली. आणि ट्रॅक चालू राहिला.

फसवणूक म्हणा. पण भाविका काही वाईट पोरगी नव्हती. त्या दिवशी टेम्पोत गव्हाण फाट्याला कंटेनरच्या रांगेत अडकले होते, तेव्हा कल्पेशनं तिला विचारलं होतं.

"अजून किती दिवस हे चालवायचं? तू गा ना स्वतः. चुकलीस तर चुकलीस."

"मी गायले की माणसं जेवायला उठतात रे," ती म्हणाली. "एकदा करून बघितलंय. पनवेलला. आख्खा मांडव उठला."

"तरी पण... आत्याला जाऊन आठ-नऊ महिने झाले."

तिनं खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, "ती वाजते तवर घरात हाय असं वाटतं मला. बंद केलं की संपली ना ती."

पुढचा कंटेनर सरकला, यानं गिअर टाकला.

रात्र कुठली, तर गेल्या वर्षीची, अक्षय तृतीयेच्या आदली. मंगळवार. दुसऱ्या दिवशी लग्न, म्हणून त्या रात्री हळद. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, चंद्र कधीच मावळलेला. मांडव मात्र दिवसासारखा उजळलेला. बायकांनी नवरदेवाला हळद लावली, एकमेकींना लावली, भाविकाच्याही दोन्ही गालांना फासली. ती माइक घेऊन स्टेजवर चढली. माइक बंदच असायचा. कल्पेशनं लॅपटॉपवर पहिलं गाणं लावलं आणि मांडव नाचायला लागला.

तासभर सगळं नेहमीसारखं.

मग एका गाण्यात, दोन ओळींच्या मध्ये, खोकला आला.

कल्पेश दचकला. हा खोकला त्यानं स्वतःच्या हातानं काढला होता. त्याला वाटलं, चुकून जुनी फाइल लागली असेल. बघितलं तर फाइल तीच, रोजची. मान वर केली. पुढच्या ओळीनंतर पुन्हा खोकला आला, आणि भाविका त्याच क्षणाला खोकली. छातीवर हात ठेवून. ट्रॅकच्या बरोबर. आधी नाही, नंतर नाही.

खोकला कधी येणार हे तिला ठाऊक कसं?

त्यानं खालून खूण केली, काय झालं? ती गात होती. म्हणजे... तोंड हलत होतं.

दहा वाजायला आले तसा नवरदेवाचा काका टेबलाशी आला. "पोरा, बंद कर आता. चौकीतनं फोन आलाय. उद्या लग्न हाय, भानगड नको."

"करतो काका," कल्पेश म्हणाला आणि त्यानं ट्रॅक थांबवला.

बेंजो थांबला. ढोलकी थांबली.

आवाज थांबला नाही.

त्यानं पुन्हा बटण दाबलं. लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ तर जागच्या जागी उभी. मिक्सरच्या सगळ्या कळा खाली ओढल्या. अँप्लिफायर बंद केला. त्याचा लाल दिवा विझला. शेवटी उठून जनरेटरची मेन वायरच उपसली. हातात घेऊन उभा राहिला.

मांडवात अंधार झाला. आणि आवाज चालूच. तितकाच मोठा. तितकाच स्वच्छ.

लोकांना काय वाटलं असेल? पोरगी माइकशिवाय गातेय. टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "एक नंबर!" कुणी घरातून वायर ओढून एक बल्ब आणला आणि स्टेजच्या बांबूला अडकवला. त्या उजेडात कल्पेशला भाविका दिसली.

माइक तिच्या हातातून केव्हाच पडला होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आणि डोळे... डोळे त्याच्याकडे. कल्पेश मला म्हणाला, "काका, आख्ख्या अंगात तेवढे डोळेच तिचे होते." गालांवरच्या हळदीतून पाण्याचे ओघळ चालले होते. रडत होती ती. गाता गाता. आणि रडण्याचा आवाज नव्हता, कारण तोंड दुसऱ्याच कामाला लागलेलं.

तो स्टेजवर चढला. दोन्ही खांदे धरून हलवलं. तोंडावर हात दाबला. तळहाताखाली ओठ हलत राहिले. गरम. आवाज मात्र दबला नाही. तो हाताच्या आतून येत नव्हता, बाहेरून येत नव्हता. कुठून येत होता ते सांगता येत नाही, म्हणाला.

टाळ्या हळूहळू थांबल्या.

मग गाणं बदललं. भरून घेतलेल्या गाण्यांत हे नव्हतंच. कल्पेशनं ते आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

हलद लागली गो, रात सरंना,
गानारनीला कोनी बस म्हनंना.

दोनच ओळी. पुन्हा त्याच. पुन्हा त्याच. मध्ये श्वास... लांब, घरघरणारा... आणि पुन्हा त्याच.

पुढच्या खुर्चीत नवरदेवाची आजी बसली होती. सुमित्राबाई. ऐंशीच्या पुढची म्हातारी. ती काठी टेकून उठली.

"ही पोर नाय," ती म्हणाली. "ही चंदा हाय. माझ्या तिन्ही पोरांच्या हलदीला गायलेली. हा दम तिचाच हाय."

कुणी हसलं नाही.

"काय केलात रे तिला?" म्हातारीनं कल्पेशला विचारलं. "मेली ना ती? मग उभी कशी केलीत?"

म्हातारी पुढे म्हणाली, चंदाचा एक नेम होता. गायला बसली की आपणहून उठायची नाही. घरातल्या थोरल्या बाईनं 'बस गो बाय, दमलीस,' म्हटलं की मगच थांबायची. कितीही रात्र होऊ दे, कितीही दम लागू दे. कुणीतरी म्हणायला हवं.

कल्पेश मला म्हणाला, "आणि मी लूप लावायचो, काका. शेवटचं गाणं संपलं की परत पहिलं. लोक नाचतायत तोवर."

म्हातारी स्टेजच्या अगदी खाली जाऊन उभी राहिली. मान वर केली. हात जोडले. तोंड उघडलं.

बस गो बाय...

ओठ हलले. कल्पेशनं डोळ्यांनी बघितलं. पण आवाज आला नाही.

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा. गळा ताणून. काही नाही. नुसते ओठ.

कल्पेश ओरडला. म्हणजे त्याला वाटलं तो ओरडला. त्याच्या कानांना काही ऐकू आलं नाही. नवरदेवाची आई उठली, काका उठला, ढोलकीवाला उठला. ज्याला त्याला कळलं होतं काय म्हणायचंय. बायका, पोरं, आचारी. सगळा मांडव उभा. शंभर-दीडशे माणसं. सगळ्यांची तोंडं एकाच शब्दावर उघडत होती, मिटत होती.

बस. बस. बस.

आणि मांडवात आवाज एकच...

हलद लागली गो...

किती वेळ, ते कुणीच सांगू शकलं नाही. कुणी पळालंही नाही. पळवत नव्हतं, म्हणाला. पाय होते, पण...

आवाज दमत गेला. ओळ तुटायला लागली. श्वास लांबला. घरघर वाढली. गानारनीला... कोनी... पुढचा शब्द अर्धाच आला. भाविका खाली कोसळली.

मग शांत.

मग बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रेलर गेला, त्याचा हॉर्न ऐकू आला. आणि एकदम सगळी माणसं रडायला लागली. मोठ्यानं. आवाज करून.

भाविकाला रात्रीच पनवेलला नेलं. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, थकवा आहे. दोन दिवसांनी ती बोलायला लागली. कल्पेशनं तिच्यासमोर सगळ्या फायली पुसल्या. लॅपटॉपमधल्या, पेन ड्राइव्हमधल्या, सगळ्या. तिनं अडवलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "आपण म्हटलं होतं ना रे तिला बस? तू म्हटलंस ना?"

"म्हटलं," तो म्हणाला. "सगळ्यांनी म्हटलं."

"मला नाय ऐकू आलं," ती म्हणाली.

पुढं ती गायला उभी राहिली नाही. लग्न झालं, उरणला असते, मूल झालं. त्याला ती थोपटून झोपवते, गाणं म्हणत नाही. कल्पेशनं स्पीकर विकले. आता कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे.

थांब प्रणय, उठू नकोस. अजून एक राहिलंय.

हळद म्हटली की मोबाइल आलेच. त्या रात्री वीसेक जणांनी तरी शूटिंग केलं होतं. लग्न पार पडलं, पाहुणे घरोघरी गेले, आणि मग एकेकानं आपापला व्हिडिओ उघडून बघितला. एक कल्पेशनं मला दाखवला. इथंच बसून.

अंधारा मांडव. बांबूवर एक बल्ब. वर ती पोरगी, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. खाली सगळी माणसं.

आणि माणसांचे आवाज, बाळांनो. स्पष्ट. कान फुटतील एवढे. म्हातारीचा चिरका आवाज, कल्पेशचा, बायकांचा, लहान पोरांचा. बस गो बाय. बस. दमलीस, बस. घसे फुटेस्तोवर ओरडतायत सगळे.

त्या रात्री तिथं कुणालाच ऐकू न आलेला आवाज सगळ्या मोबाइलमध्ये आहे.

गाणं एकातही नाही.