बाटली आडवी ठेवा

सेव्हेरिनो यांच्या पत्राला मी छत्तीस वर्षं उत्तर दिलं नाही. ऑफिसातल्या रामोनचे हे वडील. स्पेनमध्ये, रिओहातल्या एका तळघरात ते वाइन मुरवत. वाइनबद्दल पुस्तकात वाचून पडलेल्या शंका मी रामोनला विचारायचो, म्हणून १९८१ साली त्यांनी माझ्यासाठी एक जुनी रेड वाइन पाठवली. सोबतच्या पत्राखाली रामोनने इंग्रजी करून दिलं होतं: 'दर सहा महिन्यांनी आम्ही ही एका पिंपातून दुसऱ्यात काढतो. धारेमागे मेणबत्ती धरतो, गढूळ दिसलं की थांबतो. बाटली आडवी ठेवा. कशी झाली ते कळवा. मी वाट पाहीन.'

मी पीत नाही. न चाखता काय कळवायचं, या विचारातच वर्षं गेली. कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये प्रभाने ती लोणच्याच्या बरण्यांशेजारी उभी ठेवली. "बरणी कुणी आडवी ठेवतं का?" बायकोशी वाद घालणं मला कधी जमलं नाही.

२०१७च्या नोव्हेंबरात ती आडवी सापडली. लेबल वर.

"काय हे, तुम्हीच ना?"

"मी नाही."

"मग मी? या गुडघ्यांनी?"

उभी केली. सकाळी पुन्हा आडवी. आठवडाभर हाच ताप. शेवटी वैतागून सुतळीने कपाटाला बांधली. सकाळी सुतळी नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. फरशीवर मेणाचे थेंब. आमच्याकडे निरांजन आहे, मेणबत्ती नाही.

आमच्या नंदनने सोमवारची मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेतली. "जस्ट टू बी सेफ, बाबा." मी चिडलो, पण मलाच माझी खात्री नव्हती. तीच तर चीड होती.

रामोनला फोन केला. "वडील त्र्याऐंशीतच गेले," तो म्हणाला. "शेवटपर्यंत विचारत होते, तुझं पत्र आलं का."

शनिवारी दुपारी मी बाटली उघडली. उभी ठेवल्याने बूच सुकलं होतं, त्याचा निम्मा चुरा झाला. बेसमेंटमधल्या सिंकमध्ये पातेलं ठेवून ओतू लागलो. दिवा लावायचा राहिला होता, तरी धार लाल, स्वच्छ दिसत होती. मागून उजेड येत होता.

धारेत गाळाचा एक काळा धागा आला.

माझा हात वर उचलला गेला.

मी उचलला नव्हता.

जिन्यावर प्रभा उभी होती.

"मेणबत्ती कुणी धरली होती?" तिने हळूच विचारलं.

टेस्ट तिनेच रद्द केली.

मी एक चमचा चाखली. सुकं अंजीर, आणि बरीच वर्षं न उघडलेलं पुस्तकांचं कपाट. तेवढंच लिहिलं, खाली माफी मागितली, जुन्या तळघराचाच पत्ता घातला. पाकीट डिंकाने चिकटवलं आणि पोस्टात नेलं.

काउंटरवरच्या बाईने ते उलटलं आणि पटकन बोट मागे घेतलं.

"केअरफुल, सर. मेण अजून गरम आहे."

तिने शिक्का मारला.